लक्ष्मीच्या पाठीमागचा राजा

वानखडे मास्तरांच्या हातावर जुनं नाणं ठेवलं की ते आधी डोळे मिटायचे. अंगठा हळूहळू फिरवायचे, कड चाचपायचे आणि म्हणायचे, "हत्ती हाये. सोंड वर केली त्यानं." मग डोळे उघडून पाहायचे. हत्तीच असायचा. आम्ही बाकीचे शिक्षक याला मास्तरांचा खेळ म्हणत असू. तो खेळ नव्हता. कापसाच्या पेळूतली गाठ न बघता ओळखणारी ती बोटं होती, त्यांना हत्तीची सोंड ओळखणं काय अवघड.

ते आमच्या शाळेत सूतकताई शिकवत. आंजीची शाळा, पन्नास-बावन्नचा सुमार. वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. मी त्या राजधानीतून इतिहासाची एम.ए. पदवी घेऊन आलेला, वय वर्षं चोवीस, आणि शाळेत एम.ए. झालेला मी एकटाच. हे मी कोणाला विसरू देत नसे. मास्तर मराठी सातवी पास. शिक्षकांच्या खोलीत त्यांना खुर्ची नव्हती. चरख्यांच्या खोलीतच ते जमिनीवर चटई टाकून बसत. त्यांचा पगार माझ्या निम्म्याहून कमी होता आणि गुप्त राजांविषयी त्यांना माझ्याहून दुप्पट माहिती होती. पहिली गोष्ट मला पहिल्याच दिवशी कळली. दुसरी कळायला दोन महिने लागले, आणि कळल्यावर आवडली नाही.

ते मुलांच्या टकळीच्या डब्यांवर मुलांची नावं ब्राह्मी लिपीत लिहायचे. नागपूरला बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक फाटकं पुस्तक त्यांनी कधीतरी आणलं होतं, त्यात ब्राह्मीचा तक्ता होता. तेवढ्यावर ते शिकले. मी एकदा एका डब्यावरचं नाव वाचायला गेलो आणि अडलो. मास्तर जवळच होते. ते म्हणाले, "अंधार हाये इथं, सर. दिसत नसन नीट." खोलीत लख्ख ऊन होतं.

राजांविषयी ते बोलत ते सोयऱ्यांविषयी बोलावं तसं. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावती इकडच्या वाकाटकांच्या घरात दिलेली. नवरा लवकर गेला, मुलं लहान, तिनं राज्य सांभाळलं. हे सगळं मी वर्गात पाच मिनिटांत सांगून मोकळा होई. मास्तरांना ती घरची सून वाटे. तिच्या नात्यानं ते साऱ्या गुप्त घराण्याकडे पाहत. "आजा वीणा वाजोते, बाप सिंह मारते, भाऊ मोराले दाने चारते," असं म्हणायचे. समुद्रगुप्ताचं, चंद्रगुप्ताचं आणि कुमारगुप्ताचं नाणं त्यांनी एवढ्यात सांगून टाकलेलं असे. सोन्याची ही नाणी त्यांनी फक्त चित्रांत पाहिलेली होती. आणि प्रभावतीनं ताम्रपटात सासरच्यासोबत माहेरचं कूळही कोरलं, याचं त्यांना मोठं कौतुक. लेकीनं माहेर सोडलं नाही, असं सांगताना त्यांचा आवाज जरा ओला व्हायचा. त्यांना दोन मुली होत्या, दोघी लांब दिलेल्या.

त्यांचा खरा उद्योग रविवारी चाले. सायकलला खाकी पिशवी लावून ते आसपासच्या खेड्यांत जात. पिशवीत मऊ फडकं, एक छोटा आरसा, मधमाशीच्या मेणाचा गोळा आणि रिकाम्या आगपेट्या. कोणाला नांगरताना शिशाचं नाणं सापडलेलं असे, कोणाच्या पोरानं ते गोफणीत घातलेलं असे. मास्तर नाणं मागत नसत. मेण तळहातात चोळून मऊ करत, दोन्ही बाजूंचे ठसे घेत, नाणं फडक्यानं पुसून परत देत आणि ठसे आगपेटीत ठेवत. नाणं विकत घ्या म्हणून कोणी मागं लागलं तरी घेत नसत. ज्याच्या घरी आलं त्याच्या घरी राहावं, आपल्याला त्याचं तोंड पाहायला मिळालं, झालं. आगपेटीवर नुसता आकडा. घर कोणाचं, गाव कोणतं, हे त्यांच्या डोक्यात. मी म्हटलं, मास्तर, प्राप्तिस्थान लिहून ठेवलं नाही तर या साऱ्याला शास्त्रीय किंमत शून्य. ते म्हणाले, "लोकाच्या घरात आपन पाव्हणे जातो, सर. तिथं काय पाह्यलं थे कागदावर कायले मांडा?"

मी हसलो. अडाणी माणसाचा संकोच, असं मनात म्हटलं. शब्द न शब्द आठवतो.

त्यांच्या स्वभावाची एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. एकदा शाळा तपासायला मोठे साहेब आले होते. त्यांच्या अंगठीत सोन्याचं जुनं नाणं बसवलेलं. जेवण झाल्यावर त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं. बायकोनं काशीहून आणलं म्हणाले. मी दोन-चार विद्वान वाक्यं बोललो. साहेब खूश झाले. कोणीतरी गंमत म्हणून मास्तरांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि अंगठी परत देत म्हणाले, "लय सुंदर हाये, साहेब." नंतर चरख्यांच्या खोलीत मला सांगितलं, ओतीव आहे ते, म्हणजे नकली, कडेला साच्याची शिवण लागते बोटाला. मग बोलला का नाहीत, मी विचारलं. "बाईनं हौसेनं आनलं असन, सर. तिच्या हौसेले शिवन कायले दाखवा?" मास्तर असे होते. दुसऱ्याला खाली पाहायला लागेल असं ते काही करत नसत. माझ्या बाबतीतही त्यांनी हेच केलं, आणि तेच मला जन्मभर पुरलं आहे.

धाम नदीच्या काठी एका खेड्यात गयाबाई म्हणून एक विधवा शेतकरीण राहत होती. तिच्या सासऱ्याला वावरात विहीर खोदताना एकच सोन्याचं नाणं सापडलं होतं. त्यावर कमळावर बसलेली लक्ष्मी. नाणं देव्हाऱ्यात गेलं. तेव्हापासून चाळीस-पन्नास वर्षं दर दिवाळीला त्या घरात त्याच लक्ष्मीची पूजा होई. हळदीकुंकवाचा थर चढे, पुसला जाई, पुन्हा चढे. मागच्या बाजूला काय आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. लक्ष्मी उपडी घालायची नाही, असा त्या घरचा नेम होता.

मास्तरांना हे कळलं आणि त्यांची झोप उडाली. एवढी चांगली लक्ष्मी, तेही कमळावर, म्हणजे मागं राजा असणार. कोणता? पहिल्या दिवाळीला त्यांनी विचारलं. गयाबाई म्हणाली, "मास्तर, तुमी म्हनान थे करीन, पन लक्ष्मी उपडी नाई घालत मी." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. तीन दिवाळ्या ते तिच्याकडे जात, लक्ष्मीला हात जोडत, पाटावर बसून फराळ करत आणि राजाचं तोंड न पाहता परत येत. मी असतो तर नाणं पटकन उलटून पाहिलं असतं. मी तसं म्हणूनही दाखवलं. मास्तर माझ्याकडे असे पाहत राहिले की मी विषय बदलला.

चौथ्या दिवाळीला त्यांनी मला सोबत नेलं. संध्याकाळची वेळ, अंगण सारवलेलं, दिवे लागलेले. पूजा झाल्यावर मास्तर म्हणाले, "माय, एक इच्यार आला मनात. तुमीच धरा तिले, कडेनं, दोन बोटांत. तोंड वरच राहू द्या, तुमच्याकडे. मी खालून पाहातो." आणि त्यांनी पिशवीतला आरसा काढून तिच्या हाताखाली धरला. गयाबाईनं जरा विचार केला, नाणं कपाळाला लावलं आणि कडेनं धरून आरशावर आणलं. समई मी धरली होती. मास्तर मान वाकडी करून आरशात पाहत राहिले. आरशात अक्षरं उलटी दिसत होती. त्यांचे ओठ हलत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "डाव्या हाताखाली चंद्र लिहलं हाये. तिचा बाप हाये हा." तिचा म्हणजे प्रभावतीचा, हे मला कळलं, गयाबाईला कसं कळणार. मग त्यांनी तिला सांगितलं, "माय, तुमच्या लक्ष्मीच्या पाठीशी राजा हाये. धनुष्य घेऊन उभा हाये. राखन करून राह्यला तिची."

"मंग इतके दिवस उपाशीच ठेवला म्या त्याले," गयाबाई म्हणाली आणि कुंकवाचं बोट खालून राजालाही लावलं. तिच्याच बोटांत नाणं असताना मास्तरांनी खालून मेण दाबून राजाचा ठसा घेतला, आणि वरून हलकेच लक्ष्मीचाही. मग तिनं आम्हाला अनारसे वाढले. मी पाच खाल्ले.

परतताना मी सायकलवर सारा वेळ बोलत होतो. यावर निबंध लिहिला पाहिजे, नागपूरला इतिहासाच्या मंडळींपुढे वाचला पाहिजे. मास्तर म्हणाले, लिहा. तुम्हाला लिहिता येतं, मला येत नाही. मग थोडं पुढे गेल्यावर सायकल थांबवून म्हणाले, "राजाचं लिहा, लक्ष्मीचं लिहा. गाव नका लिहू, सर, घर नका लिहू." मी बरं म्हटलं.

आणि लिहिलं. गाव लिहिलं, गयाबाईचं नाव लिहिलं, सासऱ्याला विहीर खोदताना सापडलं हेही लिहिलं. विसरून नाही लिहिलं. प्राप्तिस्थानाची जागा कोरी ठेवली तर मंडळी विचारतील, मी कच्चा ठरेन, एवढ्या विचारानं लिहिलं. आणखी एक गोष्ट केली. मास्तरांचं नाव मात्र गाळलं. 'एका स्थानिक गृहस्थांच्या साहाय्याने' असं लिहिलं. म्हणजे ज्याचं नाव लिहायला हवं होतं ते गाळलं आणि जे गाळायला हवं होतं ते लिहिलं. नागपूरला टाळ्या पडल्या. एका वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली, गावाच्या आणि गयाबाईच्या नावासकट. ते कात्रण मी आठ दिवस खिशात घेऊन फिरलो.

नवव्या दिवशी पटवारी, कोतवाल आणि नायब तहसीलदार गयाबाईच्या अंगणात उभे राहिले. जमिनीत सापडलेलं धन सरकारचं असतं आणि ते कळवायचं असतं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांचं काही चुकलं नाही. कायदा तसाच होता आणि त्यांनी तो सभ्यपणानं पाळला, असं मी नंतर ऐकलं. देव्हाऱ्यातून नाणं उचलताना कोतवालानं चपला बाहेर काढल्या होत्या. पंचनामा झाला. सासऱ्यानं लपवलं म्हणून नातवाला, गयाबाईच्या मुलाला, दोन दिवस कचेरीत बसवून जबाब घेतला. ज्यानं जन्मात कचेरीची पायरी चढली नव्हती तो पोरगा घरी आल्यावर चार दिवस कोणाशी बोलला नाही.

मास्तर माझ्या खोलीवर आले. दारातच उभे राहून विचारलं, "सर, घर लिहलं का तुमी?" मी मान हलवली. ते उंबऱ्यावर बसले. ते रागावतील म्हणून मी तयार होतो, उत्तरंही तयार होती. ते इतकंच म्हणाले, "म्या सांगितलं ना तुमाले घर. चुकी माही हाये." हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गयाबाईकडे गेलो. मी सारं कबूल करायचं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. तिनं आम्हाला अंगणातच उभं केलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी कोण, दिवाळीला आलेला पाहुणा. मास्तरांना म्हणाली, "चार दिवाळ्या आले तुमी. म्या पाट देल्ला बसाले. मले वाटे, मास्तर लक्ष्मीच्या पाया पडाले येते. तुमी त तिच्यावर डोया ठेऊन होते." मी तोंड उघडलं. मास्तरांनी माझ्याकडे न पाहता माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "चुकलं, माय." त्यांची पकड काही घट्ट नव्हती. कोणीही सोडवून घेतली असती. मी घेतली नाही.

दोन दिवसांनी मला न सांगता ते पुन्हा गेले. लक्ष्मीचा मेणाचा ठसा त्यांनी केळीच्या पानात नीट बांधून नेला होता. नाणं परत येईपर्यंत देव्हाऱ्यात हा ठेवा, म्हणाले. गयाबाईनं पान न उघडताच परत दिलं. हे मला त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्यासोबत गेलेल्या शाळेच्या शिपायानं सांगितलं. परतताना मास्तर वाटेत एका पुलावर बराच वेळ बसून राहिले होते, असंही त्यानं सांगितलं.

मग हळूहळू सगळीच दारं बंद झाली. खेड्यांत बातमी पोचायला वर्तमानपत्र लागत नाही. बाजाराच्या दिवशी मास्तर दिसले की बाया गळ्यातल्या सोन्याच्या पुतळ्या पदराखाली घेत. कोणीतरी त्यांना सरकारचा माणूस म्हणायला सुरुवात केली. रविवारी त्यांची सायकल घरीच असे. चरख्यांच्या खोलीत ते नेहमीसारखे शिकवत, पण मुलांच्या डब्यांवर नवीन नावं घालणं त्यांनी थांबवलं. शिक्षकांच्या खोलीत एकदा कोणी त्यांची थट्टा केली, म्हणाले, वानखडे, आता कोणाच्या देव्हाऱ्यावर धाड? मी तिथेच वह्या तपासत होतो. मी वह्या तपासत राहिलो.

मी काहीच केलं नाही असं नाही. तहसीलदारांना पत्र लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. नोकरी नवी, अजून कायम झालेली नाही, आई-वडील माझ्यावर, अशी कारणं मी स्वतःला देत असे. ती सगळी खरी होती. मास्तरांच्या दोन्ही मुलींच्या सासरीही ती गोष्ट पोचली होती आणि धाकटी त्या उन्हाळ्यात माहेरी आली नाही, हेही खरं होतं. ते मला माहीत होतं.

जूनमध्ये मला नागपूरच्या एका कॉलेजात जागा मिळाली. मुलाखतीत माझ्या त्या निबंधाची वाखाणणी झाली. प्राप्तिस्थानाची नोंद इतकी काटेकोर फार थोडे तरुण करतात, असं एक वृद्ध प्राध्यापक म्हणाले. मी नम्रपणे हसलो.

मी निघालो त्या सकाळी मास्तर मोटार अड्ड्यावर आले. मी बोलावलं नव्हतं. माझी ट्रंक त्यांनी मोटारीच्या टपावर चढवायला लावली, दोरी स्वतः ओढून पाहिली. मी आत जाऊन बसलो, तेवढ्यात गयाबाई चढली. हातात कापडी पिशवी, तिच्यात अर्जाची घडी. नाणं परत मिळावं म्हणून ती दर महिन्याला वर्ध्याच्या कचेरीत खेटे घालत होती, हे सगळ्या आंजीला ठाऊक होतं. मोटारीत एकच जागा रिकामी होती, माझ्या शेजारची. ती तिथे बसली.

मास्तर बाहेर माझ्या खिडकीशी उभे होते. त्यांनी तिला पाहिलं, मग मला पाहिलं. आंजीपासून वर्धा दहा मैल. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतक्या महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. ते खिडकीपासून एक पाऊल मागे सरले, जणू आता आपलं इथं काम नाही.

ड्रायव्हर समोर हँडल फिरवत होता, मोटार अजून सुरू होत नव्हती. गयाबाईनं खिडकीबाहेर उभ्या मास्तरांकडे एकदा पाहिलं आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "सर, तुमी शिकले-सवरले हा. त्याइच्याच शाळंतले हा. मास्तरनं असं काऊन केलं असन, सांगा बरं मले. म्या काय वाईट केलतं त्याइचं?"

मोटारीतली माणसं वळून पाहू लागली. मास्तर माझ्याकडे पाहत होते. त्या पाहण्यात धाक नव्हता, विनवणीही नव्हती. ते फक्त वाट पाहत होते. मी आयुष्यात पुष्कळ व्याख्यानं दिली, पण मला कधी कोणी इतकं सोपं काही विचारलं नाही.

"मला काय ठाऊक, बाई," मी म्हणालो.

मोटार सुरू झाली. मास्तर पुन्हा पुढे आले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काच लावून घ्या, सर. धूळ लय उडते वाटेत."

मी काच लावून घेतली.